बावीस फूट आणि बारा वर्षे

कॅरिल चेसमन हे नाव १९६० साली जगभरातील वृत्तपत्रांच्या पहिल्या पानावर गाजत होते, आणि ज्याच्यावर कोणाचा जीव घेतल्याचा आरोप सरकारने या खटल्यात ठेवलेलाच नव्हता अशा या कैद्याला अमेरिकेतील कॅलिफोर्निया राज्य देहदंड देणार की नाही, या प्रश्नावर ब्राझीलपासून इटलीपर्यंतची माणसे सह्यांच्या मोहिमा चालवत होती. त्याच्या अपराधाविषयीचा वाद त्याला वलय देऊन गेला, ही गोष्ट सर्वश्रुत आहे. परंतु हा वाद कशामुळे उभा राहिला आणि इतकी वर्षे का टिकला, हे त्या मानाने कमी सांगितले जाते. चेसमनच्या निर्दोषत्वाचा भक्कम पुरावा कोणाच्याही हाती नव्हता. त्याला दोषी ठरवणाऱ्या यंत्रणेने आपल्याच निष्काळजीपणाने खटल्याचे दप्तर असे बिघडवून ठेवले की खरे काय आणि खोटे काय हे निर्विवादपणे तपासण्याची वाट बंद झाली, आणि त्या बंद वाटेवर त्याची कीर्ती वाढली.

चेसमनचा जन्म २७ मे १९२१ रोजी मिशिगन राज्यातील सेंट जोसेफ येथे झाला आणि त्याचे बालपण लॉस एंजेलिसजवळच्या ग्लेंडेल या उपनगरात गेले. मोटार अपघातात त्याच्या आईचे शरीर लुळे पडले होते आणि घरची परिस्थिती ओढगस्तीची होती. किशोरवयातच तो मोटारचोरी आणि लूटमारीकडे वळला, सुधारगृहात गेला, आणि पुढे सॅन क्वेंटिन, चिनो व फॉल्सम या तुरुंगांची वारी त्याच्या आयुष्याचा भाग झाली. त्यांपैकी चिनोमधून १९४३ साली तो पळालाही होता. डिसेंबर १९४७ मध्ये त्याची पॅरोलवर, म्हणजे उरलेली शिक्षा अटी पाळून तुरुंगाबाहेर भोगण्याच्या सवलतीवर, सुटका झाली. त्यानंतर दोन महिने उलटण्याच्या आतच तो पुन्हा पोलिसांच्या हाती लागला, आणि यानंतर त्याला मोकळे आकाश दिसले नाही.

जानेवारी १९४८ च्या तिसऱ्या आठवड्यात लॉस एंजेलिसच्या आसपासच्या टेकड्यांवर एकामागून एक गुन्हे घडले. या टेकड्यांवरील आडबाजूच्या रस्त्यांवर रात्री मोटार उभी करून बसणाऱ्या जोडप्यांजवळ एक मोटार येई, तिच्यावर पोलिसांच्या गाडीसारखा लाल झोत टाकणारा दिवा असे, आणि पोलीस आले असे समजून काच खाली केली की पिस्तूल रोखले जाई. या लुटारूला वृत्तपत्रांनी ‘रेड लाइट बँडिट’, म्हणजे लाल दिव्याचा दरोडेखोर, असे नाव दिले. यांतील दोन प्रसंगी प्रकरण लुटीवर थांबले नाही. एका स्त्रीला तिच्या मोटारीतून उतरवून लुटारूच्या मोटारीत नेण्यात आले आणि तेथे तिच्यावर लैंगिक अत्याचार झाला. तीन दिवसांनी सतरा वर्षांच्या एका मुलीला तिच्या मित्रासमोरून उचलून, मोटारीने दूर नेऊन, तसाच अत्याचार करण्यात आला आणि नंतर तिला घराजवळ सोडून देण्यात आले.

२३ जानेवारीच्या रात्री रेडोंडो बीच येथील कपड्यांचे एक दुकान लुटले गेले, आणि त्यानंतर पोलिसांनी पाठलाग करून एक चोरीची फोर्ड मोटार अडवली. तीत चेसमन आणि त्याचा एक साथीदार होते. मोटारीत त्या दुकानातील कपडे होते, ०.४५ चे पिस्तूल होते, खिशात मावणारी लहान विजेरी होती, आणि मोटारीला झोत टाकणारा दिवाही होता. अनेक पीडितांनी चेसमनला ओळखले आणि त्याने पोलिसांसमोर काही गुन्ह्यांची कबुलीही दिल्याची नोंद झाली. हा पुरावा हलका नव्हता, आणि त्याच्या बाजूने लिहिणाऱ्यांनी पुढे तो जितका हलका करून सांगितला तितका तर मुळीच नव्हता. मात्र त्यात भेगा होत्या, हेही तितकेच खरे. कबुली मारहाण करून घेतली असे चेसमनचे म्हणणे होते आणि पोलिसांना ते मान्य नव्हते. काही पीडितांनी सुरुवातीला सांगितलेली उंची आणि चण सहा फूट उंचीच्या या माणसाशी नीटशी जुळत नव्हती. शिवाय त्या सतरा वर्षांच्या मुलीकडून करून घेतलेली ओळख सदोष होती: संशयितासारख्या दिसणाऱ्या अनेक माणसांच्या रांगेतून त्याला निवडायला सांगण्याची जी पद्धत आपण ओळखपरेड म्हणून जाणतो, ती न अवलंबता पोलिसांनी एकट्या चेसमनला तिच्या घरासमोर आणून उभे केले आणि तिने त्याला वरच्या खिडकीतून पाहिले. भेदरलेल्या मुलीसमोर पोलीस एकच माणूस उभा करतात तेव्हा उत्तर त्या प्रश्नातच अर्धे दिलेले असते. या कारणाने तिची ओळख खोटी ठरत नाही. मात्र ती पारखून घेण्याची संधी तिथेच हातची गेली.

लूट आणि लैंगिक अत्याचार यांसाठी कॅलिफोर्नियात त्या वेळी देहदंड नव्हता, आणि तरीही चेसमनला तो झाला, याचे कारण समजून घेण्यासाठी सोळा वर्षे मागे जावे लागते. अटलांटिक महासागर एकट्याने विमानातून पार करणारे चार्ल्स लिंडबर्ग यांच्या तान्ह्या मुलाचे १ मार्च १९३२ रोजी न्यू जर्सीतील घरातून अपहरण होऊन पुढे त्याचा मृतदेह सापडला, तेव्हा अमेरिकेत संतापाची लाट उसळली आणि अपहरणाविरुद्ध कडक कायदे होऊ लागले. (त्या खून प्रकरणात १९३६ साली देहदंड झालेल्या ब्रूनो हाउप्टमानच्या अपराधाविषयीही वाद अद्याप मिटलेला नाही.) केंद्रीय कायद्याच्या पाठोपाठ राज्यांनी केलेल्या अशा कायद्यांना ‘छोटा लिंडबर्ग कायदा’ असे म्हटले जाई. कॅलिफोर्नियाच्या कायद्यातील शब्दरचना इतकी सैल होती की लुटीच्या हेतूने एखाद्याला पकडून ठेवले किंवा हलवले आणि त्यात शारीरिक इजा झाली, तर त्या गुन्ह्याला देहदंड किंवा पॅरोलविना जन्मठेप या दोनच शिक्षा उरत होत्या, आणि त्यांतून निवड करण्याचे काम ज्यूरीचे होते. पहिल्या पीडित स्त्रीला तिच्या मोटारीपासून लुटारूच्या मोटारीपर्यंत चालवत नेले गेले ते अंतर बावीस फूट भरले. मोठ्या दिवाणखान्याच्या एका भिंतीपासून समोरच्या भिंतीपर्यंत असते तेवढे हे अंतर. तेवढे अंतर अपहरण ठरण्यास पुरेसे आहे, कारण किती नेले याला महत्त्व नसून बळजबरीने नेले याला आहे, असे राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने पुढे १९५१ साली याच प्रकरणात म्हटले.

१९४८ च्या उन्हाळ्यात न्यायाधीश चार्ल्स फ्रिक यांच्यासमोर खटला चालला. फ्रिक हे फौजदारी कायद्याचे पाठ्यपुस्तक लिहिणारे जाणकार होते आणि शिक्षेच्या बाबतीत कठोर म्हणून त्यांची ख्याती होती. सरकारी वकील जे. मिलर लेव्ही हेही तितकेच मुरलेले होते. अशा दोघांसमोर चेसमनने वकील नाकारून स्वतःचा बचाव स्वतः करण्याचा हट्ट धरला, आणि हा त्याचा सर्वांत महागडा निर्णय ठरला. बुद्धी तल्लख असली तरी साक्षीदाराला कोणता प्रश्न विचारू नये हे केवळ बुद्धीने कळत नाही, ते अनेक वर्षे न्यायालयात उभे राहून कळते. शिवाय ज्या माणसावर अत्याचाराचा आरोप आहे त्यानेच पीडितेची उलटतपासणी घ्यावी, हे दृश्य ज्यूरीच्या मनावर काय परिणाम करील याचा अंदाज त्याला आला नाही. ज्यूरी म्हणजे तथ्यांचा निर्णय देण्यासाठी निवडलेले सामान्य नागरिक. मुंबईकरांना ही पद्धत १९५९ च्या नानावटी खटल्यामुळे परिचित आहे. चेसमनच्या ज्यूरीत अकरा स्त्रिया आणि एक पुरुष होता. तिने सतरा आरोपांवर त्याला दोषी ठरवले आणि अपहरणाच्या दोन आरोपांवर देहदंड येईल असा निर्णय दिला. ही शिक्षा २५ जून रोजी सुनावण्यात आली.

या तारखेच्या दोन दिवस आधी, २३ जूनला, न्यायालयाचे लघुलेखक अर्नेस्ट पेरी यांचा मृत्यू झाला होता, आणि पुढच्या बारा वर्षांचा सारा गुंता या मृत्यूपासून सुरू होतो. न्यायालयात बोलला जाणारा प्रत्येक शब्द लघुलेखक लघुलिपीत, म्हणजे पूर्ण शब्दांऐवजी वळसे, रेघा आणि ठिपके यांनी टिपून घेतो, आणि नंतर त्या टिपणांवरून साध्या लिपीतील प्रत तयार करतो. ज्यांनी लघुलिपीचे वर्ग केले आहेत त्यांना हे सांगायला नको की पुस्तकातली लघुलिपी सर्वांची एक असली तरी वर्षानुवर्षे काम करणाऱ्या लघुलेखकाचा हात स्वतःचे आडमार्ग तयार करतो. वारंवार येणाऱ्या शब्दांसाठी तो स्वतःच्या खुणा ठरवतो, घाईत रेघ अर्धी सोडतो, आणि ती अर्धी रेघ कशाची हे त्याचे त्यालाच आठवते. पेरी यांनी मृत्यूपूर्वी एकूण नोंदींपैकी एक तृतीयांशाच्या आसपास भागाचीच साधी प्रत केली होती. उरलेल्या वह्या उघडून वाचू शकणारा माणूस आता हयात नव्हता.

कॅलिफोर्नियात देहदंडाच्या प्रत्येक निकालावर आपोआप अपील होते आणि त्या अपिलाचा सारा आधार खटल्याच्या या प्रतीवर असतो. अशा प्रसंगी दिवाणी दाव्यात, म्हणजे पैसा, जमीन, करार यांच्या भांडणात, लघुलेखकाच्या मृत्यूमुळे नोंद अपुरी राहिली तर नवा खटला चालवण्याची मुभा त्या राज्याच्या कायद्यात होती. फौजदारी खटल्यासाठी मात्र तशी तरतूद नव्हती. जमिनीच्या वादात जी सवलत मिळू शकते ती जिवाच्या वादात मिळू नये, ही विसंगती चेसमनने पुढे अनेकदा न्यायालयांपुढे मांडली, आणि तिचे समाधानकारक उत्तर कोणीही दिले नाही. नवा खटला घेण्याऐवजी पेरी यांच्या वह्यांवरून प्रत तयार करण्याचे काम स्टॅन्ली फ्रेझर नावाच्या दुसऱ्या लघुलेखकाकडे देण्यात आले. फ्रेझर हे सरकारी वकील लेव्ही यांच्या पत्नीकडून लागणारे नातलग होते, त्यांना दारूचे व्यसन होते, आणि प्रत करताना त्यांनी खुद्द लेव्ही यांच्याशी सल्लामसलत केल्याचे नंतर न्यायालयासमोर आले. प्रत अचूक आहे यावर न्यायाधीशांनी शिक्कामोर्तब केले त्या वेळी चेसमन किंवा त्याच्या बाजूचा वकील उपस्थित नव्हता. एखादा निष्णात कारस्थानी माणूसही कैद्याच्या हाती याहून मोठे शस्त्र देऊ शकला नसता, आणि येथे कारस्थान तर नव्हतेच. होती ती खर्च आणि वेळ वाचवण्याची सरकारी सवय. नवा खटला १९४९ मध्ये चालवला असता तर साक्षीदारांच्या आठवणी ताज्या होत्या, पुरावा हाताशी होता, आणि बहुधा निकालही दोषीच लागला असता. तसे झाले नाही म्हणून पुढची बारा वर्षे गेली.

सॅन क्वेंटिन तुरुंगातील देहदंडाच्या कैद्यांच्या ओळीत कोठडी क्रमांक २४५५ चेसमनला मिळाली. तेथे त्याने कायद्याची पुस्तके वाचली, अर्ज लिहिले, आणि १९५४ साली ‘सेल २४५५, डेथ रो’ हे आत्मचरित्र प्रसिद्ध केले. हे पुस्तक हातोहात खपले, अनेक भाषांत गेले, आणि पुढच्याच वर्षी त्यावर चित्रपटही निघाला. तुरुंगाधिकाऱ्यांनी त्याच्या लेखनावर बंदी घातली तेव्हा त्याने हस्तलिखिते चोरून बाहेर धाडली, आणि ‘ट्रायल बाय ऑर्डील’ (१९५५) व ‘द फेस ऑफ जस्टिस’ (१९५७) ही आणखी दोन पुस्तके आली. देहदंडाच्या सावलीत बसून हा माणूस स्वच्छ, धारदार गद्य लिहितो आहे, या एका गोष्टीने वाचकांच्या मनातील गुन्हेगाराचे चित्र हलले. ज्याला इतके विचारपूर्वक लिहिता येते तो इतके हीन कृत्य कसे करील, असा प्रश्न अनेकांनी मनाशी केला. वस्तुतः या दोन गोष्टींचा एकमेकींशी काही संबंध नाही, आणि हे पुस्तकांवर प्रेम करणाऱ्यांनाच विशेष जड जाते. खरा लाल दिव्याचा दरोडेखोर कोण ते आपल्याला ठाऊक आहे असे चेसमन सुचवत राहिला, पण त्याने पडताळून पाहता येईल असा माणूस कधीच समोर उभा केला नाही. स्वतःचा जीव टांगणीला लागला असतानाही ते नाव स्पष्ट होत नाही, ही बाब त्याच्या विरोधात जाते असे म्हणणे भाग आहे.

न्यायालयांत मात्र त्याची बाजू टिकत गेली. मार्च १९५२ पासून एकामागून एक आठ वेळा देहदंडाची तारीख ठरली आणि आठही वेळा स्थगिती मिळाली. १० जून १९५७ रोजी अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने निर्णय दिला की प्रत निश्चित करण्याच्या प्रक्रियेत चेसमनला बाजू मांडू न देणे हे राज्यघटनेतील न्याय्य प्रक्रियेच्या हमीचे उल्लंघन होते. बहुमताच्या वतीने न्यायमूर्ती हार्लन यांनी निकालपत्र लिहिले. कॅलिफोर्नियाचे माजी राज्यपाल असलेल्या सरन्यायाधीश वॉरन यांनी या प्रकरणात भाग घेतला नाही. नागरी हक्कांचे कैवारी म्हणून ओळखले जाणारे न्यायमूर्ती डग्लस यांनी मात्र विरोधी मत नोंदवले, कारण कैदी न्यायालयांशी खेळ करीत असून दिवसेंदिवस तथ्ये थंड पडत चालली आहेत असे त्यांना वाटत होते. निकालामुळे नवा खटला मिळाला नाही, फक्त प्रतीची नव्याने तपासणी झाली. त्या तपासणीत सुमारे दोन हजार दुरुस्त्या कराव्या लागल्या, आणि तरीही ही प्रत अपिलासाठी पुरेशी आहे असे राज्याच्या न्यायालयांनी ठरवले. दोन हजार ठिकाणी दुरुस्त करावे लागलेले दप्तर एखाद्या माणसाला मारण्यास पुरेसे विश्वासार्ह मानायचे का, हा प्रश्न आजही तसाच बोचतो.

फेब्रुवारी १९६० पर्यंत हे प्रकरण कायद्याच्या हाती उरले नव्हते. अल्बर्ट श्वाइत्झर, पाब्लो कासाल्स, ऑल्डस हक्सली, एलिनॉर रूझवेल्ट यांच्यासारख्यांनी दयेची मागणी केली, मार्लन ब्रँडो यांनी प्रत्यक्ष प्रचारात भाग घेतला, आणि लॅटिन अमेरिकेत तर चेसमन हे अमेरिकी न्यायाच्या कठोरपणाचे प्रतीकच झाले. राज्यपाल पॅट ब्राउन हे स्वतः देहदंडाचे विरोधक होते, तरी त्यांचे हात बांधलेले होते: पूर्वी दोनदा गंभीर गुन्ह्यात शिक्षा झालेल्या कैद्याची शिक्षा राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाच्या शिफारशीविना कमी करण्याचा अधिकार राज्यपालाला नव्हता, आणि न्यायालयाने चार विरुद्ध तीन अशा मतांनी शिफारस नाकारली होती. १८ फेब्रुवारीच्या रात्री, देहदंडाला काही तास उरले असताना, धर्मगुरू होण्याचे शिक्षण नुकतेच सोडलेला त्यांचा मुलगा जेरी (पुढे तोही राज्यपाल झाला) याने फोनवर त्यांची मनधरणी केली आणि ब्राउन यांनी साठ दिवसांची स्थगिती दिली. राष्ट्राध्यक्ष आयझेनहॉवर त्याच सुमारास दक्षिण अमेरिकेच्या दौऱ्यावर निघणार होते, उरुग्वेमध्ये निदर्शनांची भीती असल्याची तार परराष्ट्र खात्याकडून आली होती, आणि ब्राउन यांनी तिचाही हवाला दिला. देहदंड रद्द करण्यासाठी त्यांनी विधिमंडळाचे खास अधिवेशन बोलावले. विधेयक सिनेटच्या समितीत आठ विरुद्ध सात मतांनी पडले. मार्चमध्ये चेसमनचे चित्र ‘टाइम’ साप्ताहिकाच्या मुखपृष्ठावर होते.

या सगळ्या गदारोळात दोन प्रश्न एकमेकांत मिसळले गेले. चेसमनने हे गुन्हे केले होते का, हा एक प्रश्न. आणि ज्याने जीव घेतला नाही त्याचा जीव, सदोष दप्तराच्या आधारे, बारा वर्षे टांगून ठेवून राज्याने घ्यावा का, हा दुसरा. दुसऱ्या प्रश्नाला ठामपणे ‘नाही’ म्हणण्यासाठी पहिल्याचे उत्तर ‘नाही’ असण्याची गरज नव्हती. पण सह्या करणाऱ्या लाखो लोकांना निर्दोष नायक अधिक जवळचा वाटला, आणि नायक उभा राहिला की ज्यांना त्या नायकाने इजा केल्याचे सिद्ध झाले आहे त्या स्त्रिया अडचणीच्या ठरतात. त्यांच्याविषयी त्या काळात जे लिहिले गेले त्यात संशय आणि कुजबूजच अधिक होती. दयेची मागणी करताना त्यांना खोटे पाडण्याची मुळीच आवश्यकता नव्हती, आणि या चळवळीचा हा दोष तिच्या चाहत्यांनीही लपवू नये.

२ मे १९६० रोजी, नवव्या तारखेला, सकाळी दहा वाजता चेसमनला सॅन क्वेंटिनच्या वायुकक्षात नेण्यात आले. हिरव्या रंगाची, आठ बाजूंची ही पोलादी खोली होती. आतील खुर्चीखाली आम्लाचे भांडे असे, वरून सायनाइडच्या गोळ्या त्यात सोडल्या जात आणि विषारी वायू तयार होई. त्याच वेळी सॅन फ्रान्सिस्कोमध्ये त्याचे वकील जॉर्ज डेव्हिस आणि रोझली अॅशर हे संघीय न्यायाधीश लुई गुडमन यांच्यासमोर शेवटचा अर्ज घेऊन उभे होते, आणि तो वाचून पाहण्यापुरती थोडक्या वेळाची स्थगिती देण्यास गुडमन राजी झाले. तुरुंगात फोन करण्यास त्यांच्या सचिवांना सांगण्यात आले. नंबर तोंडी एकाकडून दुसऱ्याकडे जाताना त्यातला एक आकडा गळाला, चुकीच्या ठिकाणी फोन लागला, नंबर पुन्हा पडताळून पाहावा लागला. फोन तुरुंगात पोहोचला तोवर गोळ्या आम्लात पडलेल्या होत्या. एकदा वायू तयार झाल्यावर कक्षाचा दरवाजा उघडता येत नसे. वेदना झाल्यास मान हलवून खूण करीन असे त्याने पत्रकारांना सांगून ठेवले होते, आणि त्याने मान हलवली.

ब्राउन १९६६ ची निवडणूक रोनाल्ड रेगन यांच्याकडून हरले, आणि या पराभवाच्या कारणांत चेसमन प्रकरणातील त्यांच्या दोलायमान वागण्याचा उल्लेख नेहमी होतो. आपल्या कारकिर्दीतील दयेच्या अर्जांवर त्यांनी १९८९ साली एक पुस्तक लिहिले; त्यांच्यापुढे आलेल्या एकोणसाठ कैद्यांपैकी तेवीस जणांची शिक्षा त्यांनी कमी केली होती आणि छत्तीस जणांना मरू दिले होते. ब्राझीलमध्ये साओ पाउलो शहरातील एका घरफोड्याला वृत्तपत्रांनी चेसमनचेच टोपणनाव चिकटवले, आणि त्या नावाचा १९६८ चा चित्रपट तेथील सिनेमाच्या इतिहासात महत्त्वाचा मानला जातो.

बावीस फुटांचा प्रश्न १९६९ साली सुटला. दुसऱ्याच एका खटल्यात कॅलिफोर्नियाच्या सर्वोच्च न्यायालयाने आपली जुनी भूमिका सोडून दिली आणि ठरवले की लुटीच्या ओघात माणसाला थोडेसे हलवणे, आणि त्या हलवण्याने त्याचा धोका फारसा वाढत नसेल तर तसे करणे, हे या कायद्याखालचे अपहरण नव्हे. चेसमनला झालेल्या दोन देहदंडांपैकी एकाच्या पायालाच या निर्णयाने धक्का बसला. दुसरा देहदंड मात्र या निर्णयाच्या कक्षेत येत नव्हता, कारण सतरा वर्षांच्या त्या मुलीला बावीस फूट नव्हे, मोटारीत घालून मैलोगणती दूर नेले गेले होते. त्या रात्रीनंतर दोन वर्षांच्या आत तिला मनोरुग्णालयात ठेवावे लागले, आणि चेसमनच्या सुटकेसाठी जगभर सह्या गोळा होत होत्या त्या दिवसांतही ती तेथेच होती.